हमीदभाईंच्या ओळखीची माणसं

ज्या ऑफिसात तोंड उघडायला बंदी असते तिथेच किस्से सगळ्यात जास्त साठतात, हे माझं सात वर्षांच्या अनुभवावरचं मत आहे. आमच्याकडे रुजू होताना पहिल्याच दिवशी एका जाडजूड कागदावर सह्या घेतात. त्याचा अर्थ एवढाच, की कुणाला काही सांगायचं नाही. मग राहतं काय? चहा, लिफ्ट, पार्किंग, खुर्च्या आणि माणसं. त्यांवर बंदी नाही, कारण कागद लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसावं. म्हणून आधीच सांगते, खाली जे येतंय त्यात गुपित एकही नाही. मला गुपितं माहीत असती तर मी मीटिंग रूम्सचं बुकिंग करत बसले असते का!

आमचे साहेब राजघराण्यातले. ऑफिसात त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘एच. एच.’ म्हणतात, म्हणजे हिज हायनेस. त्यांच्या खुर्च्या दोन. एका खुर्चीत बसून ते देशाची सुरक्षा सांभाळतात. दुसऱ्या खुर्चीत बसून आमची कंपनी आणि तिच्या पोटातल्या तीसेक कंपन्या सांभाळतात: अंडी, हॉस्पिटलं, रास अल खैमातला सिमेंटचा कारखाना, डेटा सेंटर, असं सगळं. दोन्ही खुर्च्या अबू धाबीत एकाच इमारतीत आहेत. बारावा मजला आमचा. वरचे मजले सुरक्षेच्या खुर्चीचे. त्याला आम्ही नुसतं ‘वरचं ऑफिस’ म्हणतो, आणि म्हणताना आपोआप आवाज खाली येतो.

दुबईतल्या ‘बर दुबई’ भागात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की बायका हमखास विचारतात, मंजिरी, तुमच्या कंपनीत नक्की करतात तरी काय? मी सांगते, अंडी. शिरीष, म्हणजे माझा नवरा, शेजारी उभा राहून गंभीरपणे मान हलवतो.

आज सांगायला बसले त्याचं कारण मात्र हमीदभाई. गेल्या हिवाळ्यात त्यांची नोकरी जवळजवळ गेलीच होती, आणि त्यात एक हात माझा होता.

* * *

हमीदभाई दाभोळजवळच्या एका गावचे. वय अठ्ठावन्न. छत्तीस वर्षांपूर्वी एच. एच. यांच्या वडिलांच्या घरी स्वयंपाकघरात लागले. साहेब तेव्हा शाळेत होते. आता हमीदभाई आमच्या मजलिसचे, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याचे, प्रमुख. कहवा, म्हणजे वेलची घातलेली अरबी कॉफी, करणं आणि वाढणं हे त्यांचं काम. मला ते ताई म्हणतात, मी वयाने लहान असले तरी.

मोठ्या माणसाच्या ऑफिसात कहवा वाढणारा माणूस काय करतो, असं मलाही वाटायचं. मग अंड्यांच्या कंपनीच्या एम. डी.चं प्रकरण झालं.

हे एम. डी. इजिप्तचे. बोर्ड मीटिंगमध्ये अंड्यांचे आकडे सांगून झाल्यावर एच. एच. नी फक्त विचारलं, “गुडघा कसा आहे?” माणूस पांढराफटक पडला. गुडघेदुखीचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त बायकोला कैरोला फोनवर सांगितलं होतं! बाहेर येऊन तो मला म्हणाला, मिस मंजिरी, माझा फोन ऐकतात. पुढचा आठवडाभर तो बायकोशी फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलत होता. तिकडे बायकोला भलताच संशय आला, तो भाग वेगळा.

मी हे हमीदभाईंना सांगितलं तर ते कप पुसत होते. म्हणाले, “मीच सांगितलं ताई. साहेबांनी विचारलं, हा सोफ्याचा हात धरून का उठतो? मी म्हटलं, गुडघा.”

एच. एच. ना सगळं कळतं अशी जी त्यांची दहशत आहे, त्यातली निम्मी तरी हमीदभाईंच्या ट्रेवरून गेलेली आहे, असा माझा अंदाज आहे.

* * *

दुसरी गोष्ट वेळेची. एच. एच. मीटिंगमध्ये कधी घड्याळ बघत नाहीत. पाहुण्यासमोर घड्याळ बघणं त्यांच्यात असभ्य. ते फक्त हमीदभाईंकडे बघतात. मग हमीदभाई आत जातात आणि धुपाटण्यात ऊद घालून बाहेर येतात. प्रत्येक पाहुण्यापुढे ते धरतात, पाहुणा धूर अंगावर घेतो, छान म्हणतो आणि उठतो. इकडची रीत आहे ती. ऊद फिरला की बैठक संपली. ‘आता निघा’ हे इतक्या सुगंधी पद्धतीने मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

एकदा एक नवा कन्सल्टंट आला. त्याला वाटलं, हे स्वागत आहे. धूर अंगावर घेऊन तो खूश झाला आणि त्याने लॅपटॉपवर प्रेझेंटेशनचा दुसरा भाग उघडला. हमीदभाई पुन्हा ऊद घेऊन आले. तो आणखी खूश झाला. तिसऱ्या फेरीला त्याने हमीदभाईंचे मनापासून आभार मानले आणि तिसरा भाग काढला.

एच. एच. चौथ्या फेरीपर्यंत शांत बसून होते. नंतर ते स्वतःच उठून नमाजाला गेले. त्या माणसाच्या सुटाला म्हणे पुढे महिनाभर वास येत होता.

* * *

आता ग्रॅहमसाहेब. हे निवृत्त इंग्रज पोलीस अधिकारी. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या सिक्युरिटीचे हेड म्हणून आले. माणूस वाईट नाही. सकाळी न चुकता गुड मॉर्निंग म्हणतात. पण नियम मोडणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि इतक्या मन लावून नियम पाळणारी तर अजिबातच नाहीत.

संक्रांतीला मी दरवर्षी ऑफिसात तिळगूळ नेते. त्या वर्षी गेटवर डबा अडवला. ग्रॅहमसाहेबांनी मला बोलावून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, तीळ आणि गूळ, आमच्याकडे आज हे देतात आणि गोड बोला म्हणतात. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, “गोड बोला, कुणाशी? आणि कशाविषयी?”

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला.

डबा तपासणीला गेला. चार दिवसांनी रिपोर्ट आला: तीळ, गूळ, शेंगदाणे, वेलची, धोकादायक काही नाही. शेवटी एक शेरा होता, पदार्थ अपेक्षेपेक्षा कडक. शिरीष तो कागद फ्रेम करणार होता. म्हणाला, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी बोललो तर खपलं नसतं, इथे सरकारी शिक्क्यासह मिळालंय.

* * *

तर ह्याच ग्रॅहमसाहेबांनी नवा फॉर्म काढला. मजलिसमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा. त्यातला एक प्रश्न असा होता: परदेशात राहणाऱ्या आणि तुमच्या संपर्कात असलेल्या व्यक्तींची नावं लिहा. खाली पाच ओळी होत्या.

पाच ओळी! आणि भरणारा माणूस कोकणातला!

हमीदभाईंना इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून टायपिंग मी केलं. पहिल्या पाच ओळी त्यांच्या सख्ख्या चुलत भावांतच संपल्या. मी म्हटलं, बास, एवढं पुरे. ते म्हणाले, “नको ताई. उद्या एखादं नाव बाहेरून निघालं तर म्हणतील, हमीदने लपवलं.”

मग मी एक्सेल उघडलं. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही यादी करत होतो. कुवेतची मावसबहीण, डर्बनची आत्या, लंडनमधला भाचा, मोझांबिकला दुकान असलेला मेहुण्याचा मेहुणा, जहाजावर कुक असलेले सातजण. त्या सातजणांच्या पुढे देश काय लिहायचा ह्यावर आमचा वाद झाला, शेवटी ‘समुद्र’ लिहिलं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. एक नाव झालं की मी विचारायची, अजून कोण? आणि त्यांना अजून कोणीतरी आठवायचं. दोनशे चौदाला आम्ही थांबलो, कारण जेवणाची सुट्टी संपली.

फॉर्म सोमवारी दिला. मंगळवारी ग्रॅहमसाहेबांच्या कॉम्प्युटरने त्याचा नकाशा काढला. मी तो पाहिलाय. मध्ये एक ठिपका, हमीदभाई, आणि त्यातून जगभर गेलेल्या दोनशे चौदा रेषा. ग्रॅहमसाहेब मला म्हणाले, तीस वर्षं पोलिसात काढली, पण एवढं मोठं नेटवर्क एका माणसाचं कधी पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी काचेच्या दाराशी हमीदभाईंनी पास लावला. दिवा लाल लागला.

नियम साधा होता. तीस दिवसांत यादीतलं प्रत्येक नाव तपासून झालं आणि क्लिअरन्स मिळाला तर ठीक. नाहीतर खलास, नोकरी आणि व्हिसा दोन्ही. आणि हमीदभाईंच्या व्हिसावर त्यांची धाकटी मुलगी सना होती, रास अल खैमाला फार्मसी शिकणारी. तिचं अजून दीड वर्ष बाकी होतं. फी बापाच्या पगारातून जायची. हे सगळं मला त्या बुधवारी कळलं. आधी कळलं असतं तर मी पाचव्या नावाला एक्सेल बंद केलं असतं.

* * *

हमीदभाई घरी बसले नाहीत. रोज सात वाजता यायचे. काचेच्या दाराबाहेर पाहुण्यांची खोली आहे आणि तिला लागून एक छोटी पॅन्ट्री. तिथे स्टुलावर बसायचे. गळ्यात पाहुण्याचा पास. छत्तीस वर्षांनंतर पाहुणा!

आत कहव्याचं मशीन आलं. अठरा हजार दिरहमचं. हमीदभाईंनी काचेतून ते बघितलं आणि म्हणाले, म्हणजे सव्वाचार लाख रुपये झाले ताई, आणि वेलची कुठून घालतात?

पहिल्याच आठवड्यात कोरियाहून सहाजण आले. मीटिंग चाळीस मिनिटांची होती. चाळीस मिनिटांनी एच. एच. नी सवयीने कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यात मशीन. मशीन काय ऊद आणणार?

पाहुण्यांना उठा म्हणणं एच. एच. ना शक्य नव्हतं. यजमानाच्या आधी उठणं कोरियनांना शक्य नव्हतं. दोन्ही बाजू अत्यंत सभ्य. अडीच तास बसले. शेवटचा पाऊण तास म्हणे कुणी काही बोललंच नाही, नुसते एकमेकांकडे बघून हसत होते. विमान चुकेल म्हणून त्यांच्या दुभाष्याला घाम फुटला, तेव्हा कुठे सुटका झाली.

मी ग्रॅहमसाहेबांना म्हटलं, बघितलंत? ते म्हणाले, हो, मीटिंग फार यशस्वी झाली असणार, एवढा वेळ चालली म्हणजे.

* * *

मी ठरवलं, आपण केलेला घोळ आपण निस्तरायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, क्लिअरन्समध्ये सूट द्यायचा अधिकार फक्त वरच्या ऑफिसला आहे. तिथे अर्ज कंपनीच्या चेअरमनने करायचा. म्हटलं, मग काय, झालंच काम. खालचे चेअरमन तेच, वरचे प्रमुख तेच.

मी पत्र तयार केलं. चेअरमन, सुरक्षा प्रमुखांना विनंती करतात की हमीद ह्यांची छत्तीस वर्षांची सेवा लक्षात घेऊन सूट द्यावी. एच. एच. नी वाचलं, हिरव्या शाईने सही केली. पत्र लिफ्टने वर गेलं. मी हमीदभाईंना सांगितलं, पेढे आणा.

चार दिवसांनी उत्तर आलं. चेअरमनसाहेबांची विनंती वाचली, नियम सर्वांना सारखा असल्याने सूट देता येत नाही, क्षमस्व. खाली सही. हिरव्या शाईतली, तीच.

दोन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि सह्या ताडून बघितल्या. माणसाने स्वतःलाच पत्र लिहावं आणि स्वतःलाच नाही म्हणावं! शिरीष म्हणाला, आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला सेक्रेटरीही असाच होता, स्वतःच अर्ज करायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. पण तो निदान स्वतःला होकार द्यायचा.

मला हसू आलं नाही. मी रागावले होते, आणि कुणावर रागावायचं ते कळत नव्हतं, कारण दोन्हीकडे एकच माणूस. हमीदभाई मात्र शांत होते. म्हणाले, “बरोबर केलं साहेबांनी. मला सोडलं असतं तर उद्या प्रत्येकजण आपला माणूस घेऊन आला असता.”

मी म्हटलं, हमीदभाई, सनाचं काय?

ते वेलची सोलत राहिले, जी कुणाला लागणार नव्हती.

* * *

आता तपासणी. ग्रॅहमसाहेबांनी दोन माणसं बसवली. त्यांनी दोनशे चौदा जणांना एकेक करून फोन लावायचे आणि विचारायचं, हमीदला किती वर्षं ओळखता, माणूस कसा आहे, घरातले लोक कसे आहेत, कुणाची देणीघेणी आहेत का.

कोकणात एखाद्या घराबद्दल अनोळखी माणूस असं विचारायला लागला तर त्याचा अर्थ एकच होतो. मुलीला स्थळ आलंय!

पहिला फोन कुवेतच्या मावसबहिणीला गेला. तिने तासाभरात बाकी दोनशे तेरा जणांना कळवलं की हमीदच्या सनासाठी अबू धाबीहून कुणी मोठ्या घरचे लोक विचारपूस करतायत, सांभाळून बोला. मग काय विचारता. डर्बनची आत्या म्हणाली, असं घर दिवा घेऊन शोधून सापडणार नाही. मेहुण्याचा मोझांबिकचा मेहुणा म्हणाला, मुलगी सोन्यासारखी आहे, नमाज चुकवत नाही आणि फार्मसीत पहिली येते. जहाजावरचे सात कुक, सात वेगवेगळ्या बंदरांतून, शब्दन् शब्द तेच बोलले. लंडनच्या भाच्याने उलट ग्रॅहमसाहेबांच्या माणसालाच विचारलं, की मुलगा काय करतो, स्वतःचं घर आहे का?

ग्रॅहमसाहेब माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मिस मंजिरी, म्हणाले, दोनशे चौदा माणसं, तीस देश, आणि सगळे अगदी एकसारखं उत्तर देतात. अशी शिस्त मी पोलिसातही पाहिली नाही. ह्यांना कुणीतरी शिकवलंय.

मी त्यांना अर्धा तास खपून स्थळ म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं. आणि विचारलं, पण मुलीच्या फार्मसीबद्दल फॉर्ममध्ये काहीच नव्हतं, हे सगळे तिच्याबद्दल का बोलतात?

फाइलवर शेरा पडला: उत्तरं संशयास्पदरीत्या चांगली. दिवस उरले नऊ.

* * *

त्या शनिवारी मी आणि शिरीष हमीदभाईंना घेऊन रास अल खैमाला गेलो. सनाला सांगणं भाग होतं. आमची मुलगी रेवाही बरोबर होती, मागे बसून कानात हेडफोन घालून. हमीदभाईंनी रस्ताभर गावच्या गमती सांगितल्या. गाडी हॉस्टेलसमोर थांबली तशी गोष्ट अर्धी सोडून उतरले.

सना आली. बारीकशी, चष्मा लावलेली, ॲप्रन हातात. बापाने तिला मराठीत सगळं सांगितलं, आणि सांगताना माझं नाव कुठेही येऊ दिलं नाही. पण यादी इंग्रजीत होती आणि तिच्या बापाला इंग्रजी येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

“आंटी, यू टाइप्ड ऑल ऑफ इट?”

मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि बापाला विचारलं, बाबा, जेवलात का? मला रागावली असती तर बरं झालं असतं.

परत येताना गाडीत रेवाने हेडफोन काढून विचारलं, “मम्मा, इज इट युअर फॉल्ट?” शिरीष काहीतरी सारवासारव करायला लागला. मी म्हटलं, हो बाळा, माझीच चूक आहे. रेवाने हेडफोन परत कानात घातले.

* * *

आता शेवटचं सांगते. दोन दिवस उरले होते. सकाळचे नऊ. मी पॅन्ट्रीत हमीदभाईंशी बोलत उभी होते. म्हणजे बोलत मी एकटीच होते. ते सामानाची यादी करत होते, काय गावी न्यायचं आणि काय इथे वाटून टाकायचं.

काचेचं दार उघडलं आणि एच. एच. बाहेर आले. एकटे. हातात ग्रॅहमसाहेबांची लाल फाइल. पॅन्ट्रीत आले, दुसरं स्टूल पायाने ओढलं आणि बसले. सात वर्षांत मी त्यांना एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. मला बाहेर जावं की थांबावं कळेना, म्हणून मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

“हमीद, कहवा,” ते हिंदीत म्हणाले.

हमीदभाईंनी कहवा केला. एक थेंब सांडला नाही. एच. एच. नी घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग फाइल उघडून पहिल्या नावावर बोट ठेवलं. ये कौन? हमीदभाईंनी सांगितलं. दुसरं नाव. ये कौन? असं करत पानामागून पान. कुठल्या भावाने कुठे दुकान टाकलं, कुणाचं बुडालं, कुणाच्या मुलाने डॉक्टरी केली. एका नावाशी हमीदभाई अडखळले. म्हणाले, ह्याला मी नीट ओळखत नाही साहेब, पण तो मला चांगलं ओळखतो असं सगळ्यांना सांगत फिरतो. एच. एच. मोठ्याने हसले. म्हणाले, असे माझेही पुष्कळ आहेत.

दोनशे चौदा संपले. त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे एक प्रश्न होता, ज्याच्याकडे टाइप करताना मी धड बघितलंही नव्हतं: दुसऱ्या कुठल्या देशाच्या सुरक्षा खात्यातला कुणी अधिकारी तुमच्या व्यक्तिगत ओळखीचा आहे का? पुढे आम्ही ‘नाही’ लिहिलं होतं.

एच. एच. नी ते वाचलं. मग विचारलं, “हमीद, तेरा मुल्क कौन सा?”

“हिंदुस्तान, साहेब.”

“तो मैं तेरा कौन हुआ?”

हमीदभाईंनी फाइलकडे बघितलं. हिंदुस्तानच्या माणसाला साहेब म्हणजे दुसऱ्या देशाचे सुरक्षा अधिकारीच की. दोनशे चौदा नावं प्रामाणिकपणे लिहिली, आणि जे एकच खरोखर विचारलं होतं तेच राहिलं!

एच. एच. नी हात पुढे केला. मी माझं पेन दिलं. त्यांनी ‘नाही’ खोडलं आणि वर ‘हो’ लिहिलं. मग मागे जाऊन यादीच्या तळाशी, दोनशे चौदाच्या खाली, सावकाश दोनशे पंधरा आकडा घातला. पुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. हुद्दा लिहिला, वरच्या ऑफिसचा. किती वर्षांची ओळख: छत्तीस. किती वेळा भेटता: रोज. संबंधाचं स्वरूप: कहवा.

फाइल माझ्या हातात दिली. “मिस्टर ग्रॅहम को बोलो, लिस्ट अधूरी थी. अब पूरी है. नियम से चेक करें.” इकडच्या रीतीप्रमाणे रिकामा कप हलवून हमीदभाईंना परत दिला, म्हणजे पुरे झालं, आणि काचेच्या दारातून आत निघून गेले.

साडेअकराला ग्रॅहमसाहेबांनी फाइलवर ‘तपासणी पूर्ण’ लिहिलं आणि हमीदभाईंच्या पासाला हिरवा दिवा लागला. सनाला फोन मीच केला. ती रडली, मग मीही रडले, आणि हमीदभाई दोघींवर रागावले की कामाच्या वेळेत हे काय चाललंय.

पण अकराच्या सुमाराची गोष्ट सांगायची राहिली. ग्रॅहमसाहेब फाइल घेऊन माझ्या केबिनमध्ये आले होते. त्यांनी आधी दार लावलं. मग खिशातून ती वही काढली, पेनाचं टोपण काढलं, यादीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, “मिस मंजिरी, ह्यांची चौकशी मी कुणाकडे करायची?”